अवधान-न्यूनता विकार : वंचित समूहांतील मुले

वयाच्या मानाने अवधान टिकविता न येणे, सतत चुळबुळ व हालचाल करीत राहणे आणि विचार न करता आवेगाने कृती करणे, या तीन लक्षणांनी ओळखला जाणारा बालपणातील एक विकासविषयक विकार. ही लक्षणे प्रत्येक मुलात सारख्याच प्रमाणात असतात असे नाही. काही मुलांत केवळ अवधानाची न्यूनता, काहींत मुख्यतः अतिचेष्टा व आवेगशीलता, तर काहींत दोन्ही एकत्र आढळतात. थोड्याबहुत प्रमाणात ही लक्षणे सर्वच लहान मुलांत दिसतात. तथापि ती दीर्घकाळ टिकली, एकाहून अधिक ठिकाणी दिसली आणि त्यांमुळे शिक्षण, घरातील व्यवहार व समवयस्कांशी असलेले संबंध यांत ठळक अडथळा येऊ लागला, म्हणजेच त्यांस विकार मानतात.

या विकाराचे निदान रक्ताच्या वा मेंदूच्या कोणत्याही एका चाचणीने होत नाही. मूल कसे वागते याविषयी आईवडील व शिक्षक जे सांगतात, ते वैद्याच्या स्वतःच्या निरीक्षणाशी ताडून पाहून निदान करावे लागते. त्यामुळे मुलाकडे पाहणारा कोण, तो कोणत्या अपेक्षेने पाहतो आणि पाहण्याची संधी त्यास किती मिळते, यांवर निदान अवलंबून राहते. हा प्रश्न वंचित समूहांच्या बाबतीत विशेष तीव्र होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आफ्रिकी-अमेरिकन मुलांच्या संदर्भात त्यावर विपुल संशोधन झाले आहे. त्या संशोधनातून हाती आलेली सूत्रे महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यामधून दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा विचार करताना उपयोगी पडतात. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही बाबींचा परामर्श घेतला आहे.

इतिहास : स्कॉटिश वैद्य सर अलेक्झांडर क्राइटन (१७६३–१८५६) यांनी १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अवधान स्थिर न राहण्याच्या अवस्थेचे वर्णन आढळते. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ सर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल (१८६८–१९४१) यांनी १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिझिशियन्स या संस्थेपुढे दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी सामान्य असूनही स्वतःवर नियंत्रण ठेवू न शकणाऱ्या मुलांची उदाहरणे मांडली. पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या मस्तिष्कशोथाच्या साथीतून वाचलेल्या काही मुलांत अस्वस्थता व अतिचेष्टा दिसून आली. तीवरून अशा वर्तनाचे मूळ मेंदूच्या इजेत असावे, ही कल्पना बळावली. १९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली यांना बेंझेड्रिन या उत्तेजक औषधाने अशा मुलांचे शालेय वर्तन सुधारते, असे आढळले. मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये प्रथम संश्लेषित करण्यात आले व पुढे त्याचा वापर सर्वत्र वाढला.

अमेरिकन मनोविकारवैद्यक संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९६८ च्या आवृत्तीत या अवस्थेस ‘बालपणातील अतिचेष्टात्मक प्रतिक्रिया’ असे नाव होते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये या मुलांची मूळ अडचण हालचालींत नसून अवधान व आवेगनियंत्रण यांत आहे, असे प्रतिपादन केले. तदनुसार १९८० च्या आवृत्तीत ‘अवधान-न्यूनता विकार’ हे नाव स्वीकारले गेले. १९८७ मध्ये त्याला अतिचेष्टेची जोड देण्यात आली, तर १९९४ मध्ये तीन उपप्रकार करण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही, म्हणजे २०२२ पासून, हेच नाव रूढ झाले आहे.

निदानाच्या अटी : २०१३ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेप्रमाणे अवधान-न्यूनतेची नऊ आणि अतिचेष्टा-आवेगशीलतेची नऊ लक्षणे सांगितली आहेत. दोहोंपैकी एका गटातील निदान सहा लक्षणे (सतरा वर्षांपुढील व्यक्तींत पाच) किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. त्यांपैकी काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत. ती घर, शाळा यांसारख्या दोन वा अधिक ठिकाणी आढळावीत. त्यांमुळे प्रत्यक्ष अडचण निर्माण व्हावी आणि दुसऱ्या एखाद्या विकाराने त्यांचा उलगडा होत नसावा, अशा अन्य अटी आहेत. लक्षणांची नोंद करण्यासाठी पालक व शिक्षक यांनी भरावयाच्या प्रश्नावल्या वापरतात. कीथ कॉनर्स यांनी १९६९ मध्ये तयार केलेली शिक्षकांसाठीची प्रश्नावली ही त्यांतील आरंभीची होय.

या अटींमागे एक गृहीत आहे : मूल सहा महिने एका घरात राहते, एका शाळेत जाते आणि त्याला ओळखणारे शिक्षक तेथे असतात. ज्या मुलांच्या बाबतीत हे गृहीत लागू पडत नाही, त्यांच्या निदानात अडचण उद्‌भवते.

कारणे : विकाराच्या कारणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो सु. ७० ते ८० टक्के मानला जातो. हे कार्य एखाद्या विशिष्ट जनुकाचे नसून अनेक जनुकांच्या अल्पाल्प परिणामांची ती बेरीज असते. मेंदूत संदेशवहन करणाऱ्या डोपामीन व नॉरएपिनेफ्रिन या द्रव्यांच्या कार्याशी विकाराचा संबंध जोडण्यात येतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः कमी वजन, गर्भावस्थेत तंबाखूचा संपर्क आणि शिशासारख्या विषारी धातूंची बाधा हेही धोक्याचे घटक होत. हर्बर्ट नीडलमन व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील शाळकरी मुलांच्या दुधाच्या दातांतील शिशाचे प्रमाण मोजले. ज्यांच्या दातांत ते अधिक होते, त्या मुलांचे लक्ष वर्गात सहज विचलित होते, असे शिक्षकांच्या नोंदींवरून आढळले. जुन्या घरांचा शिसेयुक्त रंग व वर्दळीच्या रस्त्यांवरील पेट्रोलचा धूर यांची बाधा गरीब वस्त्यांतील, विशेषतः कृष्णवर्णीय, मुलांना अधिक होत असे. समूहासमूहांत आढळणारा फरक वंशाचा नसून वस्तीचा व दारिद्र्याचा असू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

याखेरीज विकार नसतानाही त्यासारखीच लक्षणे निर्माण करणाऱ्या अनेक गोष्टी आहेत. अपुरी झोप, रक्तक्षय, मंद दृष्टी, कमी ऐकू येणे, अपस्माराचा सौम्य प्रकार, घरातील हिंसा वा भीती आणि शाळेची भाषा न समजणे यांमुळेही मूल वर्गात लक्ष देत नाही. त्यांचा विचार आधी होणे आवश्यक असते.

आफ्रिकी-अमेरिकन मुलांसंबंधीचे संशोधन : या संशोधनाला एक पार्श्वभूमी आहे. अमेरिकेतील शाळांत कृष्णवर्णीय मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या वर्गांत बसविण्याचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. कॅलिफोर्नियातील ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयाने अशा वर्गांसाठी कृष्णवर्णीय मुलांची निवड बुद्धिमापन कसोट्यांच्या आधारे करण्यास मनाई केली. कारण त्या कसोट्या या मुलांना न्याय देत नाहीत, असे सिद्ध झाले. त्यामुळे नव्याने येणाऱ्या प्रत्येक निदानाकडे या समाजाने साशंकतेने पाहणे स्वाभाविक होते. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात शासकीय आरोग्य सेवेने उपदंशाच्या कृष्णवर्णीय रुग्णांना औषध न देता त्यांचे केवळ निरीक्षण केले होते. या प्रकरणाने वैद्यकीय व्यवस्थेवरील विश्वास आणखी डळमळला.

पुढील संशोधनातून वरवर परस्परविरोधी भासणारे चित्र समोर आले. १९९० नंतरच्या अभ्यासांत शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर कृष्णवर्णीय मुलांचे गुण श्वेतवर्णीय मुलांपेक्षा अधिक, म्हणजे लक्षणे जास्त, असे दिसत होते. प्रत्यक्ष निदान मात्र त्यांच्यात कमी होत होते. टी. डब्ल्यू. मिलर, जोएल निग व आर. एल. मिलर यांनी २००९ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे कृष्णवर्णीय मुलांत लक्षणे अधिक नोंदली जात असूनही निदानाचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या सु. दोन-तृतीयांश होते. पॉल मॉर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सु. १७,००० मुलांचा बालवर्गापासून आठव्या इयत्तेपर्यंत मागोवा घेऊन २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शैक्षणिक प्रगती, वर्तन, कुटुंबाची आर्थिक स्थिती इ. बाबी समान धरूनही कृष्णवर्णीय मुलांत निदान होण्याचे संभाव्यता-गुणोत्तर श्वेतवर्णीय मुलांच्या तुलनेत ६९ टक्क्यांनी कमी आढळले. याउलट, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, सु. दीड लाख कृष्णवर्णीय व्यक्तींविषयीच्या अभ्यासांची सांगड घातली असता, विकाराचे प्रमाण सु. १४·५ टक्के भरले. कृष्णवर्णीयांत हा विकार कमी असतो, या समजुतीस त्यामुळे धक्का बसला.

या आकड्यांतील विसंगतीचा उलगडा तीन प्रकारे करतात. पहिले कारण वैद्यकीय सेवेची उपलब्धता : विमा, तज्ज्ञ व वेळ यांच्या अभावी गरीब कुटुंबांतील मूल दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरे कारण निरीक्षकाचा दृष्टिकोन : एकच वर्तन एका मुलात आजार, तर दुसऱ्यात उद्दामपणा समजले जाते. कृष्णवर्णीय मुलांत अवधान-न्यूनतेऐवजी उद्धट वा समाजविघातक वर्तनाचे निदान अधिक होते, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्याचा परिणाम असा की एकास उपचार मिळतो, तर दुसऱ्यास शिक्षा. तिसरे कारण पालकांची भूमिका : मुलावर कायमचा शिक्का बसेल, त्याला गुंगीची औषधे दिली जातील, या भीतीने पालक तक्रार नोंदविण्यास राजी नसतात. शिक्षकांच्या नोंदी व वर्गातील तटस्थ निरीक्षण यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांवरून असेही दिसते की, हा फरक सर्वस्वी पूर्वग्रहातून आलेला नसतो. वर्गाची एकूण परिस्थितीही त्यास कारणीभूत असते. म्हणून या संशोधनाचा निष्कर्ष ‘विकार अधिक आहे’ वा ‘विकार नाही’ अशा एका वाक्यात सांगता येत नाही. खरा विकार दुर्लक्षित राहणे आणि परिस्थितीच्या परिणामास विकार ठरविणे, या दोन्ही चुका एकाच समाजात एकाच वेळी घडू शकतात, हे त्याचे सार होय.

भारतातील संशोधन : भारतात केलेल्या पाहण्यांतील प्रमाणे एकमेकांपासून फार भिन्न आहेत. बंगलोर येथे शोभा श्रीनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत (२००५) अतिचेष्टा विकाराचे प्रमाण १·६ टक्के आढळले. कोईमतूर येथील ७७० प्राथमिक शाळकरी मुलांच्या पाहणीत (२०१३) ते सु. ११ टक्के होते. निदानाचे निकष व माहिती घेण्याची पद्धत बदलली की प्रमाणही बदलते, हे यावरून लक्षात येते. कोईमतूरच्या पाहणीत निम्न आर्थिक स्तरातील मुलांत हे प्रमाण सु. १६ टक्के, तर मध्यम स्तरात सु. ७ टक्के होते. भारतातील पाच प्रदेशांत दोन ते नऊ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची विकासविषयक विकारांसाठी पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रदेशांत उत्तर गोव्याचाही समावेश होता. तीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत अवधान-न्यूनतेचाही विचार केलेला होता. भारतीय भाषांत व भारतीय घरांतील उदाहरणांच्या आधारे प्रश्न विचारणारे निदान-साधनही तयार झाले आहे.

शासकीय पातळीवर फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी निवडलेल्या आजारांच्या यादीत अवधान-न्यूनता विकार व अध्ययन-अक्षमता यांचा अंतर्भाव आहे. त्यानुसार फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षांत सवलती देण्यास प्रारंभ केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. अवधान-न्यूनतेचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. सवलतीसाठी लागणारी तपासणी व प्रमाणपत्र मिळविणे शहरी, सुशिक्षित पालकांना तुलनेने सुकर असते.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : बीड जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाट डोंगररांगांचा व अवर्षणप्रवण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ व साक्षरतेचे प्रमाण सु. ७७ टक्के होते. आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार), वडवणी, धारूर, केज, परळी इ. तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ऊसतोडणीस बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात ती मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. पतिपत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात व उचल कोयत्याच्या हिशेबाने दिली जाते. मागे सांभाळण्यास कोणी नसल्यास मुले बरोबर नेली जातात. त्यांचे वास्तव्य फडाजवळ वा कारखान्याच्या तळावर उभारलेल्या कोप्यांत असते.

या मुलांच्या अवधानावर परिणाम करणाऱ्या गोष्टी पुढीलप्रमाणे सांगता येतील. शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते व दिवाळीनंतर मुलाची शाळा सुटते. ते परत येते तेव्हा वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते. मधला अभ्यास न झाल्याने वर्गात चाललेले त्याला कळत नाही आणि न कळणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवणे कोणासही कठीण जाते. तोडणी पहाटे सुरू होते व वाहने भरण्याचे काम रात्रीबेरात्रीही चालते. त्यामुळे आईवडिलांबरोबर मुलांचीही झोपमोड होते. आहाराची स्थितीही चिंताजनक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८·९ टक्के बालकांत रक्तक्षय होता. लोहाच्या दीर्घकालीन कमतरतेने अवधान व स्मृती यांवर विपरीत परिणाम होतो. तांड्यांवरील बंजारा मुलांची घरची बोली गोरमाटी, तर शाळेची भाषा मराठी असते. तीमुळे पहिल्या एकदोन वर्षांत मूल गप्प वा दुर्लक्ष करणारे भासते.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. फडावर थोरले मूल धाकट्या भावंडास सांभाळते. पेटलेले पाचट, मागेपुढे होणारे ट्रॅक्टर, बैल, विहीर, साप यांवर त्याला एकाच वेळी नजर ठेवावी लागते. अवधान सर्वत्र पसरून ठेवणे हे तेथे कर्तव्यच असते. तेच मूल वर्गात प्रत्येक आवाजाकडे वळून पाहू लागले, तर त्यास एकाग्रता नाही, असा शेरा मिळतो. आर्थिक ओढाताणीचा अवधानावर होणारा परिणाम प्रौढांतही दिसून आला आहे. तमिळनाडूतील ४६४ ऊस-उत्पादक शेतकऱ्यांच्या एका अभ्यासात (२०१३) ऊस जाण्यापूर्वी पैशाची चणचण असताना त्यांनी अवधान व विचारशक्ती यांच्या कसोट्यांत मिळविलेले गुण, तेच शेतकरी पीक विकून आल्यानंतरच्या गुणांपेक्षा कमी होते.

आफ्रिकी-अमेरिकन समाज व ऊसतोड कामगार यांचा इतिहास व सामाजिक स्थान भिन्न आहे. त्यांची सरसकट तुलना करता येणार नाही. तरीही निदानातील दोन्ही प्रकारच्या चुकांचा धोका येथेही संभवतो. ज्या मुलास खरोखरच हा विकार आहे, त्याच्या अपयशाचे कारण स्थलांतर आहे असे समजून त्याची तपासणी होत नाही. त्यास मठ्ठ, उनाड वा द्वाड अशी विशेषणे लागतात व पुढे ते शाळा सोडून कोयत्यावर जाते. उलटपक्षी, भूक, झोप व शाळेतील खंड यांमुळे अस्थिर झालेल्या मुलास विकारग्रस्त ठरविले, तर मूळ कारणे तशीच राहतात. बालमनोविकारतज्ज्ञांची सेवा मोठ्या शहरांत एकवटलेली असल्याने ग्रामीण भागात पहिल्या चुकीचा संभव अधिक आहे. निदानाच्या अटींचा विचार करता अडचण अशी की, सहा महिने सलग पाहणारा शिक्षक या मुलास लाभत नाही. फिरत्या वैद्यकीय पथकाची वर्षातील एकमेव शालेय भेट गळीत हंगामात झाली, तर हे मूल तपासणीतून निसटते.

विश्वासाचा प्रश्नही दृष्टिआड करता येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्या समाजाने स्वतःच्या शरीरावर असे अनावश्यक उपचार अनुभवले, त्यास मुलाच्या मनाविषयी दवाखान्यात सल्ला घ्या असे सांगताना पुरेसा खुलासा व संयम आवश्यक ठरतो.

निदानाची योग्य दिशा : वरील विवेचनावरून स्थलांतरित मुलांची तपासणी करताना काही प्रश्न मार्गदर्शक ठरतात. लक्षणे पहिल्या स्थलांतरापूर्वी, म्हणजे अगदी लहानपणी, दिसत होती काय? पावसाळ्यात गावी असताना, झोप व जेवण पुरेसे मिळत असतानाही ती टिकतात काय? त्याच कोपीत राहून त्याच हंगामातून गेलेल्या भावंडांपेक्षा व टोळीतील समवयस्क मुलांपेक्षा हे मूल वेगळे आहे काय? आवडीच्या खेळातही त्याचे अवधान टिकत नाही काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असल्यास विकाराची शक्यता वाढते. सर्व भावंडे सारखीच अस्थिर असतील, तर परिस्थितीकडे आधी लक्ष द्यावे लागते. माहिती देणारे म्हणून आजीआजोबा विशेष उपयुक्त असतात. कारण आईवडील कामावर असताना मुलाची दीर्घकालीन ओळख त्यांनाच असते. दृष्टी, श्रवण व रक्तातील हीमोग्लोबिन यांची तपासणी निदानापूर्वी झालीच पाहिजे.

उपचार : उपचारांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. वर्तनोपचारांत पालकांना व शिक्षकांना मुलाशी वागण्याचे प्रशिक्षण देतात. एका वेळी एकच सूचना देणे, मोठे काम लहान टप्प्यांत विभागणे, चांगल्या वर्तनाचे तत्काळ कौतुक करणे, मुलास पुढच्या बाकावर बसविणे आणि हालचालीची अधूनमधून मुभा देणे, अशा साध्या उपायांचा त्यांत समावेश होतो. सहा वर्षांखालील मुलांत हेच उपाय प्रथम योजतात. औषधोपचारांत मेथिलफेनिडेट व ॲटोमोक्सेटिन ही औषधे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली देतात. मेथिलफेनिडेटवर भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमाचे नियंत्रण आहे. या औषधाने भूक मंदावते, झोप कमी होते व वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून कुपोषित मुलांत ते देताना वजन व उंची यांची नोंद ठेवणे अगत्याचे असते. स्थलांतराच्या काळात औषधाचा पुरवठा व देखरेख खंडित होणार नाही, याचीही आधी तजवीज करावी लागते.

अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्रीय अभ्यासात काळजीपूर्वक दिलेले औषध मुख्य लक्षणांवर परिणामकारक ठरले. त्या अभ्यासाच्या पुढील विश्लेषणात अल्पसंख्य वांशिक गटांतील कुटुंबांना औषध व वर्तनोपचार यांच्या संयुक्त योजनेचा अधिक लाभ झाल्याचे आढळले. वंचित समूहांना केवळ गोळी देऊन भागत नाही, कुटुंब व शाळा यांनाही उपचारात सामील करून घ्यावे लागते, हे त्यावरून सूचित होते.

शाळा व वसतिगृहे : ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये, म्हणून कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्याचे व मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे उघडण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेस मान्यता दिली. या उपायांचा हेतू शैक्षणिक असला, तरी अवधान-न्यूनतेच्या दृष्टीनेही त्यांचे महत्त्व आहे. वसतिगृहात मुलाची झोप, जेवण व अभ्यास नियमित होतात. परिस्थितीमुळे आलेली अस्थिरता त्यामुळे ओसरते आणि तरीही जे मूल अस्थिर राहते, ते वेगळे ओळखू येते. शिवाय एकच शिक्षक व एकच गृहपाल वर्षभर मुलाजवळ असल्याने निदानास लागणारा साक्षीदार उपलब्ध होतो. तथापि आईवडिलांपासून दीर्घकाळ दूर राहिल्याने मूल उदास वा चिडखोर होण्याचा संभव असतो. हे वर्तनही अवधान-न्यूनतेसारखे भासू शकते, याची जाणीव गृहपालांस असणे इष्ट होय. शिक्षक व गृहपाल यांना लक्षणांची प्राथमिक ओळख करून देणे, त्यांच्या नोंदी मुलाबरोबर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातील अशी व्यवस्था करणे आणि वैद्यकीय पथकांच्या भेटी मुले गावी असतानाच्या महिन्यांत, म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात, ठेवणे हे त्यास पूरक असे उपाय ठरतात.